तापलेली चांदी आधी पाण्यात, मग आम्लात

डाख देऊन, म्हणजे ज्योतीखाली सांधा जोडून, झाला की चांदीचा वाळा काळवंडतो. दागिन्याच्या चांदीत थोडं तांबं असतं. ज्योतीखाली ते हवेतला ऑक्सिजन पकडतं आणि काळा थर चढतो. सौम्य गंधकाम्लात (सल्फ्युरिक ॲसिडमध्ये) हा थर विरघळतो, आम्ल हळूहळू निळसर होतं. आम्ल गरम असलं तर काम झटपट उरकतं. म्हणून कुणी तापलेला वाळा थेट आम्लातच सोडतो. वेळ वाचतो, हे खरंच आहे.

पण पाचसहाशे अंशांचा तुकडा द्रवात शिरतो तेव्हा पहिला क्षण फसवा असतो. तुकड्याभोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि द्रव धातूला टेकतच नाही. कडक तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पळत सुटतात ते यामुळेच. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. तुकडा जरा निवला की आवरण फाटतं, द्रव धातूला भिडतो आणि खरी उकळी तेव्हा फुटते. म्हणजे 'झालं वाटतं' म्हणून माणूस वाकून बघतो, नेमका त्याच वेळी. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढतं, आणि फुटणारा प्रत्येक बुडबुडा आम्लाचे सूक्ष्म थेंब हवेत भिरकावतो. गंधकाम्ल सहजी उडून जात नाही, असं सांगणारे भेटतात. बरोबर आहे, पण थेंबांना उडायला त्याची वाफ कुठे व्हावी लागते? हे तुषार दातांचं कवच झिजवतात, घसा जाळतात. कामाच्या जागी असे तुषार श्वासात जाणं माणसात कर्करोग घडवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये जाहीर केलं.

तेव्हा लाली जाऊ द्यावी, तुकडा साध्या पाण्यात विझवावा, मगच आम्लात सोडावा. आम्ल गरम हवं असेल तर भांडंच बाहेरून मंद तापवावं, वर सैल झाकण ठेवावं. चिमटा तांब्याचा घ्यावा. लोखंडी बुडवला तर चांदीवर तांबूस मुलामा चढतो.

पोकळ मण्यांची गोष्ट वेगळी. निवताना आतली हवा आकसते आणि सुईएवढ्या छिद्रातूनही द्रव आत ओढला जातो. तो मणी पुन्हा ज्योतीखाली धरला की आतल्या वाफेला वाट मिळत नाही, मणी फुटतो. त्यामुळे असा मणी पूर्ण सुकवल्याशिवाय तापवू नये.

नत्राम्ल (नायट्रिक ॲसिड), म्हणजे कारागिरांचं तेजाब, गंधकाम्लाहून दगाबाज. त्यातून निघणारा तपकिरी वायू श्वासात गेला तर आधी थोडा खोकला येतो, मग बरंही वाटतं. फुफ्फुसात पाणी भरू लागतं ते काही तासांनी. अशा कारागिराला बरं वाटत असलं तरी एकट्याला घरी धाडू नये, लगेच दवाखान्यात न्यावं आणि कोणता वायू होता तेही डॉक्टरांना सांगावं.