कोकमातले गार्सिनॉल आणि कर्करोगाचा फैलाव : पार्श्वभूमी

कोकम प्यायले की कर्करोग पसरत नाही, असे कोकणात हल्ली पुष्कळदा कानावर येते. त्यामागे खरे संशोधन आहे. पण ते आगळावर (कोकमाच्या आंबट रसावर) किंवा सरबतावर झालेले नाही. ते रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीतून वेगळ्या काढलेल्या गार्सिनॉल या पिवळ्या द्रव्यावर झाले आहे, आणि तेही बहुतांशी प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर.

कर्करोगाचे बहुतेक रुग्ण दगावतात ते मूळ गाठीमुळे नव्हे, तर ती इतर अवयवांत पसरल्यामुळे. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी वारंवार सापडत होत्या, प्लीहेत क्वचित. त्यावरून पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे जमीन, अशी मांडणी त्यांनी केली. १९७० च्या दशकात आयझाया फिडलर यांनी उंदराच्या शेपटीच्या शिरेतून बी१६ या मेलेनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी टोचल्या, फुप्फुसात रुजलेल्या पेशी काढून पुन्हा टोचल्या, आणि अधिकाधिक पसरणारे वाण निवडून काढले. १९८० मध्ये लान्स लिओटा यांच्या गटाने दाखवले की ऊतींखालच्या पडद्यातले कोलॅजन विरघळवणारी पेशींची विकरे (एंझाइम) आणि त्यांची पसरण्याची ताकद यांचा संबंध आहे. १९८७ मध्ये अॅड्रियाना अल्बिनी आणि सहकाऱ्यांनी हा पडदा मेट्रिजेल या प्रथिनांच्या जेलच्या थराने प्लेटमध्येच उभा केला. 'फैलाव रोखला' असे शोधनिबंधात वाचायला मिळते, ते बहुधा अशा चाचणीच्या आधारावर.

चाचणी दिसते सोपी. ८ मायक्रॉन छिद्रांच्या कृत्रिम पडद्यावर मेट्रिजेल पसरायचे, वर सीरमविना माध्यमात पेशी सोडायच्या, खाली पेशींना ओढून घेणारे, १० टक्के सीरमचे (रक्तद्रवाचे) माध्यम ठेवायचे. साधारण २४ तासांनी वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसून, खाली उतरलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजायच्या. बिघडते ते बारीकसारीक गोष्टींत. मेट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर वितळवावे लागते आणि पिपेटच्या टोकांसकट सगळे बर्फावर थंड ठेवावे लागते, नाहीतर ते ओततानाच गोठते आणि थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. पडद्याखाली बुडबुडा अडकला तर तेवढ्या भागात पेशी उतरतच नाहीत.

सर्वात मोठा घोळ मात्र मात्रेचा. द्रव्याने पेशी मारल्या तरी खाली उतरलेल्या पेशी कमीच भरतात, आणि तो फैलाव रोखल्याचा पुरावा नव्हे. म्हणून आधी किती पेशी जिवंत आहेत हे दाखवणारी एमटीटी चाचणी करून, पेशी जिवंत राहतील अशीच मात्रा निवडावी लागते. पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढून तो भरतो का हे पाहणाऱ्या चाचणीतही हीच गोष्ट लागू पडते.

आता सालीकडे. लाल रंग अँथोसायनिनचा, आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. दोन्ही पाण्यात विरघळतात, म्हणून आगळात उतरतात. गार्सिनॉल तेलकट वळणाचे, पाण्याला फारसे न जुमानणारे. ते इथेनॉलसारख्या द्रावकात काढून, घटक वेगळे करणाऱ्या भुकटीने भरलेल्या नळीतून (स्तंभातून) गाळून स्फटिकरूपात मिळवतात. मीठ लावून, रसाची पुटे देऊन केलेले आमसूल या कामाला नको, नुसती वाळवलेली साल बरी. तीव्र आम्लाशी संबंध आला की गार्सिनॉलचे आयसोगार्सिनॉल हे वेगळ्या रचनेचे द्रव्य होते, हेही सांभाळावे लागते. त्याच्या रचनेवरचा महत्त्वाचा निबंध म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतून १९८१ मध्ये आला. २००४ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील तापस कुंडू यांच्या गटाने गार्सिनॉल हे जनुके चालू-बंद करण्यात भाग घेणाऱ्या पी३०० आणि पीसीएएफ या विकरांना अडवते असे दाखवले, आणि जगाचे लक्ष कोकमाकडे वळले. २००५ मध्ये तैवानच्या संशोधकांनी आतड्याच्या कर्करोगाच्या एचटी-२९ पेशींवर काम केले. गार्सिनॉलने पेशींची घुसखोरी कमी झाली, तसेच एमएमपी-७ हे पडदा पोखरणारे विकरही घटले.

आमच्या मते इथे सावध राहायला हवे. गार्सिनॉलचा रेणू अनेक प्रथिनांना चिकटतो. त्यातला कॅटेकोल हा रासायनिक भाग पेशींच्या माध्यमातच ऑक्सिडीकृत होऊ शकतो. त्यामुळे दिसलेला परिणाम नेमका कशाचा, हे ठरवणे अवघड जाते. शिवाय एमएमपी गटातली विकरे अडवणारे मॅरिमास्टॅट हे औषध प्राण्यांत आशादायक ठरूनही १९९० च्या दशकातल्या रुग्णचाचण्यांत अपेक्षेला उतरले नाही, आणि वर सांधेदुखी सुरू झाली. एक अडचण ही, की रोग कळेपर्यंत पेशी बहुधा आधीच मूळ गाठीतून बाहेर पडलेल्या असतात.

वनस्पतीतल्या द्रव्याचे औषध व्हायला किती वेळ लागतो, हे सह्याद्रीतल्याच नरक्या या झाडाच्या उदाहरणात पाहावे. कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मूळ नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. पहिल्या रुग्णचाचण्या मूत्राशयातील रक्तस्रावासारख्या दुष्परिणामांमुळे थांबल्या. रेणूत बदल करून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. आणि ही औषधे पेशी मारतात, फैलाव रोखण्यासाठी म्हणून ती नाहीत.

गार्सिनॉल असे मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. जेवणातले आमसूल वेगळे, पण उपचार चालू असताना अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कँबोजियाच्या, वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोची अनेक औषधे यकृतातूनच निचरा होत असतात.