युरोपातल्या हृदयरुग्णांनी धोरणात आपलं म्हणणं कसं नोंदवायचं? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

युरोपीय संघात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी दरवर्षी सुमारे १७ लाख माणसं दगावतात. मृत्यूच्या कारणांत या आजारांचा तिथे पहिला क्रमांक आहे. कॅन्सरसाठी संघाची योजना २०२१ मध्येच आली, हृदयासाठी मात्र १६ डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. त्या दिवशी युरोपियन कमिशनने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, ‘सेफ हार्ट्स प्लॅन’ जाहीर केला. २०३५ पर्यंत या आजारांनी होणारे अकाली मृत्यू २५ टक्क्यांनी कमी करायचे, हे त्याचं उद्दिष्ट आहे. रुग्णसंघटना आणि हृदयरोगतज्ज्ञांनी अनेक वर्षं ही मागणी लावून धरली होती. आता प्रत्येक देशात या योजनेची अंमलबजावणी कशी होते, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून ज्यांनी स्टेंट, बायपास किंवा पेसमेकरनंतरचं आयुष्य स्वतः काढलं आहे, त्यांनी आत्ता बोलायला हवं.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये राहणारे आपले बरेच लोक एका समजुतीने मागे राहतात: पासपोर्ट भारतीय आहे, आपल्याला कोण विचारणार? पुढे दिलेल्या मार्गांपैकी एक सोडला, तर कुठेही युरोपीय संघाचं नागरिकत्व ही जाहीर अट नाही.

आधी दार ओळखा

संघाच्या करारातल्या कलम १६८ प्रमाणे आरोग्यसेवा चालवणं ही त्या त्या देशाची जबाबदारी आहे. त्यामुळे अमुक हॉस्पिटलने अँजिओग्राफीची तारीख चार महिन्यांनंतरची दिली, ही तक्रार ब्रुसेल्सला पाठवून उपयोग नाही. ती देशातल्या तक्रार यंत्रणेकडेच न्यावी लागते. औषधांची मंजुरी, वैद्यकीय उपकरणांचे नियम, तंबाखूवरचे नियम, दुसऱ्या सदस्य देशात उपचार घेतल्यावर मिळणारी भरपाई हे विषय मात्र संघाच्या कक्षेत येतात. अर्ज चुकीच्या दाराशी गेला की महिने वाया जातात, म्हणून पहिला विचार याचा करा.

कमिशनचं ‘हॅव युअर से’ पोर्टल

सगळ्यात सोपा मार्ग हाच. कमिशन नवं धोरण किंवा कायदा आणण्याआधी या पोर्टलवर लोकांची मतं मागवतं. सुरुवातीच्या टप्प्याला ‘कॉल फॉर एव्हिडन्स’ म्हणतात, तो साधारण चार आठवडे खुला असतो. प्रश्नावलीसहित सार्वजनिक सल्लामसलत असेल, तर मुदत साधारण बारा आठवड्यांची. हृदयाच्या योजनेसाठीही २०२५ मध्ये अशी मतं मागवली गेली होती.

पात्रतेची अट जवळजवळ नाहीच. संघाचे नागरिक, बाहेरचे नागरिक, संस्था, कोणीही मत नोंदवू शकतं. फॉर्मवर ‘युरोपीय संघाबाहेरचा नागरिक’ असा वेगळा पर्याय असतो, तो न संकोचता निवडा. ईयू लॉगिन खातं आणि चालू ईमेल एवढं पुरतं, ओळखपत्र जोडावं लागत नाही. संस्थेतर्फे लिहीत असाल, तर संस्थेचं नाव, तिचा आकार आणि पारदर्शकता नोंदवहीत (संघाच्या धोरणावर प्रभाव टाकू पाहणाऱ्या संस्थांच्या यादीत) नोंद असल्यास तो क्रमांक द्या. मत संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कुठल्याही भाषेत चालतं. मराठी त्यात नाही, पण इंग्रजी आहे.

मजकुराची मर्यादा ४,००० अक्षरांची, म्हणजे साधारण दीड पान. जास्त सांगायचं असेल तर फाइल जोडता येते. तुम्ही लिहिलेलं पोर्टलवर प्रसिद्ध होतं. नाव दिसू द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवता, पण जोडलेल्या फाइलमधलं नाव आपोआप झाकलं जाईल असं धरून चालू नका. डिस्चार्ज कार्ड किंवा रिपोर्ट कधीही तसाच जोडू नका.

लिहायचं काय?

माझ्या मते खरी मेहनत इथे आहे. “हृदयरुग्णांकडे दुर्लक्ष होतं, सरकारने लक्ष द्यावं” या वाक्याचं अधिकाऱ्याला काही करता येत नाही. त्याऐवजी असं लिहिलेलं पाहा, नमुना म्हणून: “मला ४६व्या वर्षी हार्ट अटॅक आला. घरी सोडताना कार्डिअॅक रिहॅबचं (हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनाचं) पत्र मिळालं, ते फक्त स्थानिक भाषेत. सत्रं कामाच्या वेळेत होती. दोन सत्रांनंतर मी जाणं सोडलं. संध्याकाळची सत्रं आणि दुसऱ्या भाषेतलं माहितीपत्रक असतं, तर पूर्ण केली असती.” यात वय आहे, टप्पा आहे, अडचण आहे आणि नेमकी मागणीही आहे. धोरण लिहिणाऱ्याला हेच लागतं.

आपल्या लोकांनी आवर्जून मांडावा असा एक मुद्दा आहे. युरोपात ४० ते ६९ वयाच्या निरोगी माणसाला पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका किती, हे ‘स्कोअर-२’ या तक्त्यावरून काढतात. त्यात वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल येतं, वंश येत नाही. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र दक्षिण आशियातून आलेल्या पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांसाठी हा आकडा वाढवून धरायला सांगितलं आहे: भारतीय आणि बांगलादेशी असल्यास १.३ पट, पाकिस्तानी असल्यास १.७ पट. तुमच्या तपासणीत हे झालं का? डॉक्टरांनी विचारलं का? झालं नसेल तर तेच लिहा. कागदावरची सूचना दवाखान्यात पाळली जाते की नाही, हे कमिशनला रुग्णाशिवाय कोण सांगणार?

रुग्णांनी रेटा लावला की विषय वरपर्यंत जातो, याचा दाखला आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलचा आहे. साधारण २५० जणांमागे एकाला तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. स्लोव्हेनियात मुलांची यासाठी तपासणी १९९५ पासून होते. हीच तपासणी सगळीकडे व्हावी ही मागणी रुग्णसंघटना एफएच युरोपने लावून धरली आणि २०२२ मध्ये, चेक प्रजासत्ताकाकडे संघाचं अध्यक्षपद असताना, प्रागमधल्या बैठकीत ती थेट धोरणकर्त्यांसमोर मांडली गेली.

औषध नियामकाकडे ‘रुग्ण तज्ज्ञ’ म्हणून

अॅमस्टरडॅममधली युरोपियन मेडिसिन्स एजन्सी औषधं तपासताना रुग्णांना सल्ल्यासाठी बोलावते. चाचणीत काय मोजावं, कोणता दुष्परिणाम रुग्णाला असह्य वाटतो, औषधाच्या पुडक्यातलं माहितीपत्रक सामान्य माणसाला समजतं का, असे प्रश्न तिथे असतात. वैद्यकीय पदवी लागत नाही. आजार स्वतः अनुभवलेला असावा किंवा घरच्या रुग्णाची काळजी घेतलेली असावी. कामकाज इंग्रजीत चालतं. बैठकीला बोलावलं तर प्रवास आणि राहण्याचा खर्च एजन्सी देते.

सुरुवात वैयक्तिक नोंदणीच्या फॉर्मने होते: आजार, अनुभव, भाषा. प्रत्यक्ष काम मिळण्याआधी तीन कागद पूर्ण करावे लागतात:

- थोडक्यात परिचयपत्र
- गोपनीयतेची हमी
- हितसंबंधांचं घोषणापत्र

शेवटचा कागद सर्वात काळजीपूर्वक भरा. औषध कंपनीत नोकरी, सल्लागाराचं काम, पेटंट, कंपनीचे शेअर्स हे सगळं त्यात सांगावं लागतं. आपल्यापैकी अनेकजण फार्मा कंपन्यांमध्ये किंवा त्यांच्या आयटी प्रकल्पांवर काम करतात, शिवाय भारतातल्या डीमॅट खात्यात एखाद्या औषध कंपनीचे शेअर्स पडून असतात. ते विसरू नका. वेगवेगळ्या क्षेत्रांत पैसा गुंतवणारा आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे चालवलेला म्युच्युअल फंड यातून वगळलेला आहे. हितसंबंध असला म्हणजे दार कायमचं बंद होतं असं नाही, त्या विशिष्ट औषधाच्या कामापुरतं बाजूला ठेवलं जाऊ शकतं. लपवलेलं निघालं तर मात्र विश्वास जातो.

संघटना म्हणून पात्र व्हायचं असेल तर कसोट्या कडक आहेत. संस्था ना-नफा आणि नोंदणीकृत हवी, अनेक देशांतल्या रुग्णांचं प्रतिनिधित्व करणारी हवी, कारभारी मंडळ सदस्यांना उत्तरदायी हवं आणि पैसा कुठून येतो ते जाहीर हवं. संस्थेची घटना, कार्यकारिणीची यादी, वार्षिक अहवाल आणि हिशेब तयार ठेवा. शहरातल्या महाराष्ट्र मंडळाने या वाटेला जाण्यापेक्षा देशातल्या हृदयरुग्ण संघटनेचं सभासद होणं शहाणपणाचं.

देशाच्या पातळीवर

जर्मनीत कोणता उपचार सरकारी विम्यातून मिळेल हे संयुक्त संघीय समिती ठरवते. २००४ पासून तिथे रुग्ण प्रतिनिधींना चर्चेत भाग घेण्याचा आणि प्रस्ताव मांडण्याचा कायदेशीर हक्क आहे, मतदानाचा नाही. प्रतिनिधी थेट अर्ज करून होता येत नाही, कायद्याने मान्य केलेल्या संघटनाच नावं पाठवतात. त्यातले निम्मे तरी स्वतः रुग्ण असावेत असा नियम आहे. जर्मन भाषा चांगली हवी.

ब्रिटन संघाबाहेर आहे. तिथे ‘नाइस’ ही संस्था उपचारांच्या शिफारशी करते. तिच्या समित्यांवर सामान्य नागरिक सदस्य असतात, त्यांच्या जागा जाहिरातीने भरतात.

युरोपीय संसदेकडे अर्ज

संघाच्या कुठल्याही देशात राहणारी व्यक्ती, नागरिक नसली तरी, युरोपीय संसदेकडे अर्ज करू शकते. विषय संघाच्या कक्षेतला आणि तुमच्याशी थेट संबंधित हवा. नाव, राष्ट्रीयत्व, कायमचा पत्ता आणि मुद्देसूद मजकूर, एवढंच लागतं. फी नाही. अर्ज संसदेच्या पोर्टलवरून किंवा टपालाने करता येतो, टपालाने असेल तर सही हवी. नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते अर्ज करतानाच कळवा.

नागरिकत्व लागतंच असा मार्ग म्हणजे युरोपीय नागरिक उपक्रम, म्हणजे कमिशनने कायदा सुचवावा अशी सह्या गोळा करून केलेली मागणी. त्यात सात देशांत राहणारे सात नागरिक आयोजक आणि बारा महिन्यांत दहा लाख सह्या लागतात. भारतीय पासपोर्टवर सहीही चालत नाही.

संसदेकडे केलेल्या अर्जाला क्रमांक मिळतो. अर्ज समिती तो ग्राह्य आहे का ते ठरवते आणि लेखी कळवते. ग्राह्य ठरल्यास समिती कमिशनकडून माहिती मागवू शकते, अर्जदाराला बैठकीत बोलायलाही बोलावू शकते. नाकारला तर कारण दिलं जातं, आणि बहुतेकदा तो विषय कोणत्या राष्ट्रीय कार्यालयाकडे न्यायचा, हेही त्या पत्रात असतं.