सिंगापूर चेरी नागपुरात: आपोआप उगवणाऱ्या झाडाची पार्श्वभूमी

धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत कुठेही बघा. कंपाउंडच्या भिंतीला टेकून, नालीच्या काठावर, नाहीतर अर्धवट राहिलेल्या बांधकामात आडव्या फांद्यांचं, लोकरी पानांचं एक झाड हटकून दिसतं. बऱ्याचदा ते कुणी लावलेलं नसतं. पोरं त्याची लालचुटूक फळं तोडून खातात आणि त्याला सिंगापूर चेरी म्हणतात. झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं, दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या पट्ट्यातलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याची मुन्टिंजिया कॅलाबुरा अशी नोंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते फिलिपाइन्समध्ये पोचलं आणि पुढे आग्नेय आशियाभर पसरलं. भारतात लोकांनी ते सावलीसाठी आणि फळांसाठी लावलं.

पिकलेलं फळ बोटांत दाबलं की रव्यासारखा दाणेदार गोड गर बाहेर येतो. ते दाणे म्हणजे बिया, एका फळात हजारोंनी. दिवसा बुलबुल, तांबट, फुलटोचे त्यावर तुटून पडतात, रात्री वटवाघळं येतात. झाडाखाली लावलेल्या गाडीचं टप सकाळी बघितलं तर या बियांचा प्रवास कसा होतो ते वेगळं सांगावं लागत नाही. पोटातून गेल्याने बीचं काही बिघडत नाही. तिला हवा असतो उजेड. दाट सावलीत पडलेली बी रुजत नाही, मातीत थांबून राहते आणि वरचं झाड पडून ऊन आलं की उगवते. रोपाला दीड-दोन वर्षांत फळ धरतं आणि पाणी मिळालं तर जवळपास वर्षभर धरतं. पसरण्यासाठी जे जे लागतं, ते बहुतेक सगळं या झाडापाशी आहे.

म्हणून ते लगेच आक्रमक, म्हणजे पसरून इथल्या झाडांची जागा बळकावणारं, ठरतं का? नाही. परकं असणं निराळं आणि पसरणं निराळं. आपला संत्रा बाहेरूनच आलेला. भोसल्यांच्या काळात तो इथे लावला गेला असं मानतात, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण काटोल-नरखेडच्या बागा सोडून तो जंगलात काही शिरला नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं, पाणी तोडून ताण द्यायचा, आंबिया किंवा मृग बहार धरायचा, डिंक्या रोगापासून वाचवायचं. एवढी उस्तवार ज्याला लागते ते झाड एकटं कुठे जाणार?

सीताफळाचं उलट. तेही अमेरिकेचं, बहुतेकांच्या मते पोर्तुगीजांच्या हातून आलेलं. गुरं-शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे मध्य भारतातल्या उघड्या टेकड्यांवर ते आपसूक वाढतं. सिवनीकडून आपल्या बाजारात येणाऱ्या सीताफळांत रानातून तोडून आणलेलीही असतात. त्याला आपल्याकडे फारसं कुणी आक्रमक म्हणत नाही, कारण ते विकलं जातं. माझ्या मते आक्रमक झाडांच्या आपल्या याद्यांमध्ये हा आपमतलबीपणा बराच आहे. घाणेरी, म्हणजे आपल्याकडची रायमुनिया, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आली. तिचीही फळं बुलबुलच खातात. आज ती जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

आपली झाडंही बाहेर जाऊन असंच करतात. अमेरिकी कृषी खात्याने १९११ मध्ये फिलिपाइन्सहून जांभळाचं बी मागवलं. आता फ्लोरिडात आणि हवाईत जांभूळ आक्रमक झाडांत मोजलं जातं. पेरू, म्हणजे आपल्याकडचा जाम, मूळचा आपला नाही, पण तोही गॅलापागोस बेटांवर माजला आहे आणि त्याचं बी पसरवण्यात तिथल्या राक्षसी कासवांचाही हात आहे.

आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार बाहेरून आलेल्या वनस्पतींपैकी सुमारे ६ टक्केच आक्रमक ठरतात. हा आकडा दिलासा देतो, पण अर्धाच. जर्मन अभ्यासक इंगो कोवारिक यांनी १९९५ मध्ये जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातल्या परक्या झाडाझुडपांचा हिशोब मांडला. झाड आणल्यापासून ते पसरायला लागेपर्यंत तिथे सरासरी १७० वर्षं गेली होती, झुडपांना १३१. जर्मनीचा हा आकडा विदर्भाला जसाच्या तसा लागू होणार नाही, उष्ण प्रदेशात सगळंच लवकर होतं. पण ‘इतकी वर्षं झाली, काही बिघडलं का?’ हा युक्तिवाद त्याने लंगडा पडतो.

नागपूरपुरतं बोलायचं तर मे महिना हा या झाडाचा मोठा अडसर. बी इतकी बारीक, की रोपाकडे शिदोरी जवळजवळ नसतेच. पावसाळ्यात उगवलेलं रोप ४५ अंशांच्या पुढच्या पहिल्या उन्हाळ्यात टिकायचं तर नाली, टाकीची गळती, बागेचं पाणी असं काहीतरी जवळ हवं. म्हणून ते शहरात दिसतं. पेंचच्या सागवानी जंगलात ते उद्या घुसेल असं म्हणणं मला अतिशयोक्ती वाटतं.

काळजी करायचीच तर ती खाणींच्या बाजूने करावी. एकदा मूळ धरलं की या झाडाला हलकी माती आणि कोरडेपणा चालतो. मलेशियात ते कथिलाच्या खाणींच्या टाकाऊ मातीवर वाढतं. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर फॉस्फेट काढून सोडलेल्या उघड्या जमिनींवर त्याची दाटी झाली आहे. आपल्याकडे उमरेड, सावनेर, कामठीला कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे आहेत, कोराडी-खापरखेड्याला राखेचे तलाव. मोकळी जमीन, भरपूर ऊन, स्पर्धा करायला दुसरं झाड नाही. अशा जागी झटपट हिरवळ दाखवायची घाई झाली की लवकर वाढणारं आणि फुकट मिळणारं झाड म्हणून याचं नाव पुढे येऊ शकतं. सुबाभूळ अशीच, चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी चांगली म्हणून, १९७०-८० च्या दशकांत लावली गेली, आणि वरच्या शंभरांच्या यादीत तीही आहे. उमरेडच्या खाणींपासून कऱ्हांडला अभयारण्य फार लांब नाही, आणि फळं खाणारं वटवाघूळ चाऱ्यासाठी एका रात्रीत काही किलोमीटर सहज उडतं.