रंगपंचमी फाल्गुनातली की चैत्रातली?

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, येते, तेव्हा मराठी घरातल्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी असते आणि शेजारच्या माळवी घरात चैत्र कृष्ण पंचमी. यात कुणाचंही पंचांग चुकलेलं नाही.

तिथी आकाशातून येते. सूर्याच्या तुलनेत चंद्र 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अशा 30 तिथींचा एक चांद्रमास, सरासरी 29.53 दिवसांचा. इथवर वादाला जागाच नाही. महिना कुठे तोडायचा, हे मात्र माणसानं ठरवलेलं आहे. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात तो अमावास्येला संपतो, म्हणून अमान्त; माळव्यात आणि उत्तरेत बहुतेक ठिकाणी पौर्णिमेला, म्हणून पूर्णिमान्त. शुक्ल पक्षाचं नाव दोघांकडे तेच, त्यामुळे गणेश चतुर्थी सगळ्यांचीच भाद्रपदात. वद्य पक्षात मात्र उत्तरेचं पंचांग पुढच्या महिन्याचं नाव घेतं. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात.

इंदूरच्या मराठी घरांत हे सर्वांत जास्त जाणवतं ते श्रावणात. 2024 साली शेजाऱ्यांचा श्रावण 22 जुलैला लागला, आपला 5 ऑगस्टला. दोन्हीकडे पहिलाच दिवस सोमवार! त्यांचा महिना 19 ऑगस्टला राखीपौर्णिमेला संपला, आपले सोमवार 2 सप्टेंबरपर्यंत चालले. उज्जैनच्या महाकालाच्या सवाऱ्या त्या वर्षी 22 जुलै ते 2 सप्टेंबर अशा सातही सोमवारी निघाल्या, म्हणजे दोन्ही श्रावण त्यांत पुरे झाले. मला ही व्यवस्था फार आवडते.

वर्षाची गंमत आणखी वेगळी. पूर्णिमान्त चैत्र होळीनंतर लगेच लागतो, पण विक्रम संवताचा आकडा बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, आपल्या गुढीपाडव्यालाच. म्हणजे चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात जातो. 30 मार्च 2025 च्या पाडव्याला आपला शक 1947 सुरू झाला, शेजाऱ्यांचा विक्रम संवत 2082. वडोदऱ्यात मात्र तेव्हा विक्रम संवत 2081 च होता, कारण गुजरातेत तो दिवाळीच्या पाडव्याला बदलतो.

मग मूळ हिशेब कुणाचा? अधिक मास बघा. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, सौर वर्षापेक्षा सुमारे 11 कमी. हिजरी वर्ष ही तूट भरत नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक धरतात. 2026 मध्ये सूर्य 15 मेला वृषभेत गेला की पुढची संक्रांत थेट 15 जूनला, तीही त्या दिवशी सकाळी अमावास्या संपल्यावर काही तासांनी. मधला 17 मे ते 15 जूनचा महिना संक्रांतीविनाच राहतो. तोच अधिक ज्येष्ठ. आणि हा महिना पूर्णिमान्त पंचांगातही अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच मोजतात! त्यासाठी शेजाऱ्यांच्या ज्येष्ठाचे दोन तुकडे होतात: आधी कृष्ण पक्ष, मध्ये अख्खा अधिक मास, मग उरलेला शुक्ल पक्ष. महिना पौर्णिमेला संपवणाऱ्या पंचांगाचं गणितही असं अमावास्येवरच उभं आहे.