बंद दारामागची शिकवणी

तबल्याच्या क्लासमध्ये ठेका चुकला की गुरुजींचा हात लगेच वर जातो. शिकाऊ सर्जनच्या बोटांकडे शेजारी उभे असलेले सर डोळ्यांत तेल घालून बघत असतात. समुपदेशकाचं तसं नाही. नुकतीच एम.ए. झालेली मुलगी क्लाएंटला आत घेते, दार लावते आणि पुढची पन्नास मिनिटं आत काय घडलं ते तिसऱ्या कुणाला कळत नाही. दार बंदच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा ठेका चुकला तर पकडणार कोण?

‘अनुभवाने येईल’ हे आपलं ठरलेलं उत्तर. अमेरिकेतल्या संशोधकांनी १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेल्या ६,५९१ लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडला, तो या उत्तराला धक्का देणारा होता. काही थेरपिस्ट सुधारले, पण सरासरी पाहिली तर वर्षं वाढली तसे परिणाम अगदी किंचित खालावलेच होते. यात नवल नाही. नाराज क्लाएंट भांडत नाही, तो पुढच्या वेळी येत नाही एवढंच. समुपदेशकाला वाटतं, बरं वाटलं असेल त्याला. २०१२ मधल्या एका पाहणीत १२९ व्यावसायिकांना स्वतःची इतरांशी तुलना करायला सांगितली होती. एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही, आणि साधारण चौथा हिस्सा तर स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत धरून बसला होता!

यावरचा जुना इलाज म्हणजे सुपरव्हिजन. मराठीत ‘पर्यवेक्षण’ म्हणतात, पण त्या शब्दाने परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडत फिरणारे मास्तर डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात नवा समुपदेशक ठरलेल्या वेळी, बहुधा दर आठवड्याला, अनुभवी माणसासमोर बसतो आणि आपल्या केसेस उलगडतो. १९२० मध्ये बर्लिनला मॅक्स आयटिंगॉन आणि सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला. तिथे शिकाऊ विश्लेषकाने आपल्या केसेस ज्येष्ठांना नेमाने सांगायच्या, हा प्रशिक्षणाचा रीतसर भाग झाला.

अडचण एकच होती. सांगायचं ते आठवणीतून. आणि आठवण सांगणाऱ्याच्या बाजूची असते.

ही अडचण यंत्राने सोडवली. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी अख्खी सेशन्स तबकडीवर रेकॉर्ड करायला घेतली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत, म्हणजे तासाभराच्या बोलण्याला तबकड्यांची चळतच लागे. पण ‘मी फक्त ऐकून घेतो’ असं समजणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती बोलतो आणि किती सल्ले देतो ते स्वतःच्याच आवाजात ऐकू येऊ लागलं.

समजा, असंच एक रेकॉर्डिंग चालू आहे. बाई सांगतायत, “झोपच लागत नाही हो. तो गेल्यापासून घर नुसतं खायला उठतं.” समुपदेशक म्हणते, “काळजी करू नका, आपण झोपेसाठी काही गोष्टी ठरवू या.” सुपरव्हायझर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवतात. “काय म्हणाल्या त्या?” “झोप लागत नाही.” “आणि?” ती गप्प. मॅडम दहा सेकंद मागे नेऊन पुन्हा लावतात. ‘तो गेल्यापासून’ हे दोन शब्द तिच्या कानावर आत्ता पहिल्यांदा पडतात. मॅडम ओरडत नाहीत. विचारतात, “त्या क्षणी तुझं काय चाललं होतं?” थोड्या वेळाने ती सांगते, मागच्याच वर्षी बाबा गेले.

हे सल्ल्याने होत नाही, आणि एकटीने रेकॉर्डिंग ऐकूनही बहुधा झालं नसतं. कधीकधी तर सुपरव्हायझरला स्वतःलाच कारण नसताना कंटाळा येतो किंवा चिडचिड होते. क्लाएंट आणि समुपदेशक यांच्यातला ताण इथे दुसऱ्यांदा उमटत असू शकतो, असं हॅरल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये दाखवून दिलं.

पण हॉलमधले मास्तर पूर्ण जात नाहीत. शिकवणाराच शेवटी शेरा देणार असेल, तर चूक उघड कोण करील? १९९६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात १०८ शिकाऊ थेरपिस्टना विचारलं, सुपरव्हायझरपासून काही लपवता का? सत्त्याण्णव टक्के ‘हो’ म्हणाले. लपवलेल्या गोष्टींत स्वतःच्या चुका होत्या आणि सुपरव्हायझरबद्दलचा रागही. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी ते दुसऱ्या कुणाला तरी, मुख्यतः बरोबरीच्या मित्रमैत्रिणींना सांगून मोकळे होत होते.

नेमका हाच धागा गोव्यात उपयोगी पडला, असं मला वाटतं. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. सहा ते आठ सेशन्स, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाचं. सुपरव्हिजन करणारे तज्ज्ञ आणायचे कुठून? मग समुपदेशकांनीच गटात बसून एकमेकांची रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे, अशी पद्धत बसवली. सुरुवातीला तज्ज्ञ बरोबर होते, पुढे गटाने सूत्रं हाती घेतली. तज्ज्ञांचे गुण आणि सोबत्यांचे गुण ताडून पाहिले, तर ते बऱ्यापैकी जुळले. १० केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं, न मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचं. हे यश एकट्या सुपरव्हिजनचं नाही, पण तो गट नसता तर पदवी नसलेल्यांच्या हाती हे काम देण्याचं धाडस कुणी केलं असतं का?

याचाच चुलतभाऊ म्हणजे संस्थांना दिला जाणारा सल्ला. १९४९ नंतर जेरुसलेममध्ये मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांच्या मूठभर पथकावर सुमारे १६,००० स्थलांतरित मुलांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी पडली. एकेका मुलाला तपासणं अशक्यच. म्हणून ते वसतिगृहांत जाऊन मुलांना सांभाळणाऱ्यांशीच बोलू लागले. ‘हा मुलगा वाईटच’ असा शिक्का मारून बसलेली बाई त्याच्याबद्दल निवांत बोलली, की पुढच्या दिवशी तिला तोच मुलगा वेगळा दिसे. सुपरव्हायझरवर केसची जबाबदारी असते. कॅप्लन यांचा सल्लागार मात्र बाहेरचा, बरोबरीचा. त्याचं ऐकायचं की नाही, ते संस्थेने ठरवायचं.

आपल्याकडे शाळा किंवा संस्था समुपदेशक नेमताना खोली देतात, टेबल देतात, नावाची पाटीही लावतात. सुपरव्हिजनचा तास मात्र बऱ्याचदा ‘तुझं तू बघ’ खात्यात जातो, आणि तुटपुंज्या पगारातून त्याची फी नवखी मुलगी स्वतः भरते. उद्या कुणा समुपदेशकाकडे जायची वेळ आली, तर पदवीबरोबर एवढं खुशाल विचारा: तुमचं सुपरव्हिजन कोण करतं? विचारण्यात काही गैर नाही, आणि नेमाने जाणारा माणूस उत्तर द्यायला अडखळत नाही.