परीक्षेचे माध्यम मराठी आणि परीक्षेतला मराठीचा पेपर

पुण्यात शास्त्री रस्त्यावरून नवी पेठेकडे वळले की अभ्यासिकांच्या पाट्या सुरू होतात. तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर ‘मी मराठी घेतलंय’ हे वाक्य नेहमी कानावर पडते, पण बोलणाऱ्याने नेमके काय घेतले आहे ते त्यावरून कळत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत मराठी एकदा उत्तरे लिहिण्याचे माध्यम म्हणून येते आणि एकदा अनिवार्य भारतीय भाषेचा पेपर म्हणून. (वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घेणारे उमेदवार आणखी वेगळे, त्यांच्या दोन पेपरांचे ५०० गुण निवडीत धरले जातात.)

भाषेच्या पेपरची गोष्ट सोपी आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एक निवडायची आणि ३०० पैकी किमान २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळवायचे. निबंध, उताऱ्यावरील प्रश्न, सारांशलेखन, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर, थोडे व्याकरण, असे त्याचे स्वरूप आहे. हे गुण अंतिम बेरजेत येत नाहीत. मात्र ते मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण विचारातच घेतले जात नाहीत. अरुणाचल प्रदेश, मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड आणि सिक्कीम येथील उमेदवारांना या पेपरातून सूट आहे, महाराष्ट्रातल्या उमेदवारांना नाही. त्यामुळे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि शाळेनंतर देवनागरीत सलग पानभर न लिहिलेल्या मुलांनी ‘मातृभाषाच तर आहे’ म्हणून हा पेपर शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

माध्यमाचा प्रश्न याहून कितीतरी अवघड आहे. १९७९ पासून, या परीक्षेच्या पद्धतीचा आढावा घेणाऱ्या कोठारी समितीच्या शिफारशीनंतर, मुख्य परीक्षेची उत्तरे आठव्या अनुसूचीतील भाषेत लिहिता येतात. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे १७५० गुण या निवडीवर अवलंबून असतात. मात्र साहित्याचे पेपर वगळता प्रश्नपत्रिका छापली जाते ती फक्त हिंदी आणि इंग्रजीत. म्हणजे मराठी माध्यमाचा उमेदवार प्रश्न एका भाषेत वाचतो आणि उत्तर दुसऱ्या भाषेत रचतो. नीतिशास्त्राच्या पेपरात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ आणि ‘अकाउंटेबिलिटी’ यांतला फरक विचारला, तर बोली मराठीत दोन्हींना ‘जबाबदारी’च म्हणतात, दुसऱ्यासाठी ‘उत्तरदायित्व’ हा शब्द आधीपासून हाताशी नसेल, तर उत्तराच्या पहिल्याच ओळीत पेन अडते. पारिभाषिक संज्ञेचा इंग्रजी शब्द कंसात देण्याची मुभा आयोगाने ठेवली आहे. तिचा उपयोग संज्ञेपुरताच करायचा असतो; वाक्येच्या वाक्ये इंग्रजीत लिहिणे तिच्यात बसत नाही.

या दोन निवडी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. सगळी उत्तरे इंग्रजीत लिहिणारा उमेदवार भाषेच्या पेपरसाठी मराठी घेतो, आणि पुण्यातल्या बहुतेकांचे गणित तेच असते असे मला वाटते. उलट मराठी माध्यम घेतले म्हणून इंग्रजीच्या अनिवार्य पेपरातून सुटका होत नाही. तोही ३०० गुणांचा आणि २५ टक्क्यांच्याच अटीचा आहे. माध्यम हा काही बारीकसारीक तपशील नव्हे, हे २०१३ साली दिसले : प्रादेशिक भाषेचे माध्यम आणि साहित्याचा विषय यांवर आयोगाने घातलेल्या अटींना इतका विरोध झाला, की त्या त्याच वर्षी मागे घ्याव्या लागल्या.

राज्यसेवेकडे वळणाऱ्यांचा घोळ आणखी वाढतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पूर्वी मराठी आणि इंग्रजीचे गुण निवडीत मोजले जात. नव्या वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहायच्या, पद्धतीत हे दोन्ही पेपर फक्त पात्रतेपुरते उरले आहेत. तेव्हा पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारातून, अप्पा बळवंत चौकातून, स्वस्तात पुस्तकांचा जुना संच आणणाऱ्याने, मराठीला किती महिने द्यायचे हे ठरवण्याआधी, तो कोणत्या पद्धतीसाठी लिहिलेला आहे एवढे पहिल्या पानावर पाहून घ्यावे.