एकच लाल दिवा, तीन कामे

हँडब्रेक ओढला की मीटरमध्ये लाल दिवा लागतो, सोडला की विझतो. बहुतेक चालकांची त्याच्याशी ओळख एवढीच. त्यामुळे ब्रेक ऑइल कमी होऊन तो लागला, तरी आधी हँडब्रेकचा दांडाच पुन्हा खाली दाबून पाहिला जातो. यात चालकाचा दोष थोडा आणि दिव्याच्या रचनेचा जास्त आहे.

पूर्वी चारही चाकांच्या ब्रेकना एकच सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांची एकच साखळी असे. नळी फुटली की पेडल तळाला जाई. अमेरिकेत १९६८पासून नव्या मोटारींना दोन सर्किट सक्तीची झाली. मात्र एक सर्किट निकामी होऊनही गाडी थांबत राहते, फक्त जास्त अंतर घेते, आणि बिघाड दडून राहतो. म्हणून दोन्हींच्या मध्ये एक छोटा दट्ट्या बसवला. एका बाजूचा दाब गेला की तो सरके आणि दिवा लागे. पुढे हे काम बहुतांशी ऑइलच्या डबीतल्या फ्लोटकडे, म्हणजे तरंगत्या गोळ्याकडे आले. चाकाची चकती आवळणारे पॅड झिजले की ऑइल खाली ते दाबणाऱ्या कॅलिपरकडे उतरते, फ्लोट खाली येतो आणि घाटातल्या वळणावर दिवा क्षणभर लुकलुकतो. अशा वेळी नुसते ऑइल भरले की दिवा विझतो, झिजलेले पॅड तसेच राहतात.

हाच दिवा हँडब्रेकलाही जोडायची मुभा नियमांनी दिली. एक बल्ब, एक जागा वाचली. रोज हँडब्रेक ओढताना बल्ब चालू आहे की नाही तेही कळते, असा युक्तिवाद होता आणि तो खराच आहे. पण जो इशारा रोज विनाकारण दिसतो, तो गरजेच्या दिवशी कोण मनावर घेणार? बचत किरकोळ होती, किंमत मोठी.

१९७८मध्ये जर्मन मोटारीत इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा आली, तिला वेगळा पिवळा दिवा मिळाला. तो एकटा लागला तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाके लॉक होऊ शकतात. नंतर मागच्या चाकांचा दाब आवरणाऱ्या यांत्रिक व्हॉल्व्हचे काम ईबीडीने, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतले, आणि त्याचा बिघाडही त्याच लाल दिव्यावर आला. पिवळा आणि लाल एकत्र लागले तर मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरण्याची भीती असते. अशी गाडी पुढे न नेता टो करून घ्यावी.

घसरत्या गाडीचे चित्र असलेला ट्रॅक्शनचा, म्हणजे चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा एबीएसच्याच चाकांवरच्या सेन्सरवर अवलंबून असतो. एक सेन्सर चिखलाने झाकला तर दोन्ही दिवे सोबत लागू शकतात. लुकलुकणारा ट्रॅक्शन दिवा म्हणजे यंत्रणा काम करते आहे. तो सतत राहिला तर ती बंद केलेली असते किंवा बिघडलेली.

भारतात एप्रिल २०१९पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे स्वस्त गाड्यांच्या मीटरमध्येही हे दिवे आले. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या अनेक गाड्यांत त्या ब्रेकला आता स्वतंत्र दिवा असतो. दांड्याचा हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत मात्र हँडब्रेक आणि ब्रेकच्या बिघाडाचा दिवा अजून एकच आहे.